नऊ मिनिटांचा रस्ता

आमच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय की त्या यंत्रानं घात केला. माझा मुलगा धनराज तेवढा वेगळं म्हणतो. तो म्हणतो, यंत्र काय करणार, ते गाडीत बसवणारा मी, त्याचं ऐकणारा मी, घात मीच केला. मग सून त्याची समजूत काढते आणि आलेगेले पाहुणे यंत्राला शिव्या घालतात. मी खुर्चीत बसून चहा पितो. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक आहे.

मी रंगनाथ. एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली बरीचशी नाशिक-नामपूर गाडीवर. सकाळी साडेदहाला नाशिक सोडायचं आणि पावणेदोनला नामपूरच्या अलीकडच्या मळ्यावर पोचायचं. घड्याळ चुकेल पण माझी गाडी चुकायची नाही, असं तिकडचे लोक म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं. डोकं मात्र भडक. माझा कंडक्टर गोटीराम म्हणायचा, "नाना, इंजिनसुद्धा तुमच्यापेक्षा उशिरा तापतं." बरं, तापून शिव्या देणारा माणूस परवडतो, घटकाभरात मोकळा होतो. माझं तसं नाही. मी तापलो की बोलणं बंद करतो. समोरच्याचं नुकसान होताना दिसलं तरी तोंड उघडत नाही. उलट आत कुठंतरी बरं वाटतं, की बघ, आता कसं.

नामपूर दोन किलोमीटरवर राहिलं की माझ्या थोरल्या बहिणीचा, सगुणाअक्काचा मळा लागतो. घर रस्त्याला लागूनच. अक्का रोज पावणेदोनला फाट्यावर पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. मी गाडी थांबवायचो, खिडकीतून हात बाहेर काढायचो, तांब्याभर पाणी घटाघट प्यायचो आणि रिकामा तांब्या तिच्या हातात द्यायचो. बोलणं काय, "बरं आहे का?" "बरं आहे." एवढंच. पॅसेंजर लोकांनाही सवय झाली होती. उन्हाळ्यात ती दोन तांबे आणायची, दुसरा गोटीरामला.

आमच्यात मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा पहिला मान. माझ्या हर्षालीच्या बारशालाच अक्कानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, ही माझ्या दत्तूची. मी ते धरून बसलो. अठ्ठ्याण्णव साली दत्तूनं मालेगावकडची मोहिनी नावाची मुलगी पसंत केली आणि अक्कानं पोराचं ऐकलं. मला सांगायला तिनं कुणाला पाठवलं नाही, पत्र टाकलं नाही. फाट्यावर तांब्या घेऊन उभी राहिली आणि मी पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "भाऊ, पोराच्या मनात दुसरी आहे. मला त्याचं मन मोडवेना. तू रागावू नको."

मी तांब्या परत दिला आणि गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला ती उभी होती. गोटीरामनं बेल मारली. मला ऐकू आली नाही असं मी दाखवलं आणि गाडी तशीच पुढे नेली. आरशात ती दिसत होती, तांब्या दोन्ही हातांत धरलेली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी फाट्यावर कुणी नव्हतं. महिनाभरात मी अर्ज करून ड्युटी बदलून घेतली. हर्षालीचं पुढच्या वर्षी सिन्नरला चांगल्या घरात लग्न झालं, दोन मुलं आहेत, सुखात आहे. म्हणजे राग धरायला कारणही उरलं नव्हतं. तरी धरला. अक्काच्या तीन-चार राख्या पोस्टानं आल्या, त्या मी पाकिटासकट कपाटात टाकल्या. मग त्याही यायच्या बंद झाल्या. अकरा वर्षं अशी गेली.

त्या वर्षी संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दत्तूचा फोन आला. अक्का गेला महिनाभर अंथरुणाला खिळली होती, ते मला कुणाकडून तरी कळलं होतं आणि मी ऐकून गप्प बसलो होतो. दत्तू रडत होता. "मामा, आईनं काही खरं नही आते. डॉक्टरनी घर लई जावाले सांगं. दोन दिन व्हयनात, पानीबी लेत नही. म्हनस, भाऊना हातनं पानी लिसू."

डॉक्टरांनी आशा सोडून घरी पाठवलेली, दोन दिवस पाणी बंद, आणि भावाच्या हातचं पाणी घेईन म्हणे. दुसऱ्या कुणाच्या हातचं नको.

मी काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवला आणि देव्हाऱ्यातला गंगेचा गडू काढला. रामकुंडावरून भरून आणलेला, तोंडाला लाख लावलेला तांब्याचा गडू, असल्या वेळेसाठीच घरोघर ठेवतात. धनराज अंबडला कंपनीत सुपरवायझर आहे, त्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली. नाशिक रोडहून आम्ही निघालो तेव्हा बरोबर साडेदहा झाले होते. माझ्या गाडीची वेळ. दत्तूला फोन करून सांगितलं की निघालो.

आता त्या यंत्राबद्दल सांगतो. धनराजनं ते महिन्याभरापूर्वीच घेतलं होतं. हाताच्या पंजाएवढं, पुढच्या काचेला आतून रबरी वाटीनं चिकटवायचं. त्यात नकाशा, नकाशावर आपली गाडी एक बाण होऊन चाललेली, आणि एक बाई इंग्रजीत सांगणार, इतक्या मीटरवर डावीकडे, इतक्या मीटरवर उजवीकडे. खाली कोपऱ्यात पोचायची वेळ. धनराजनं नकाशात नामपूरच्या अलीकडे बोटानं मळ्याची जागा दाखवून ठेवली होती. अख्ख्या कॉलनीत तसलं यंत्र दुसरं कुणाकडे नव्हतं. तो त्या बाईवर इतका खूश होता की भाजी आणायला जातानाही लावायचा.

मला पहिल्या दिवसापासून तिचा राग. ज्या रस्त्यावर माझी हाडं खिळखिळी झाली तो रस्ता मला ही सांगणार. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, मी मुद्दाम तिच्या आधी बोलायचो. "पुढं टोलनाका. मग वडाळीभोई." धनराज हसायचा. "नाना, उपग्रह वरून बघतोय."

"वरून बघणाऱ्याला खड्डा दिसतो का?" मी म्हणालो.

सोग्रस फाट्याला हायवे सोडला, भावडबारीचा घाट चढलो. इथवर ठीक होतं. देवळ्याच्या अलीकडे ती बाई म्हणाली, गावाबाहेरून जा. मी म्हणालो, "काही नको. गावातून सरळ काढ, मी अठ्ठावीस वर्षं काढलीय." धनराजनं माझं ऐकलं. आणि आत आठवडी बाजार भरलेला. मी रिटायर झाल्यावर बाजाराची जागा बदलून रस्त्यावरच आली होती. पुढे हातगाड्या, मागे कांद्याचे ट्रॅक्टर, मधे आम्ही. हालता येईना. सव्वा बाराचे पावणेएक झाले. धनराज हॉर्न वाजवून वाजवून थकला. मी गडू छातीशी धरून बसलेलो.

बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "नाना, आता हात जोडतो. सटाण्यापर्यंत आणि सटाण्याच्या पुढं, तुम्ही काही बोलू नका. तिकडं आत्या वाट बघतेय. तुम्हाला रस्ता माहीत होता, तो जुना झाला."

तो चिडून बोलला नव्हता. खरं तेच बोलला होता. पण मला लागलं. कानामागे गरम झालं आणि माझं तोंड मिटलं. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली, मी घेतली नाही. लोहोणेरला त्यानं काही विचारलं, मी खिडकीबाहेर बघितलं. ज्या बहिणीला पाणी पाजायला निघालो होतो तिच्याशीही मी असाच वागलो होतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आता रोज येतं.

सटाणा सोडून थोडं पुढे गेलं की एक फाटा लागतो. सरळ डांबरी रस्ता नामपूरला, आणि डावीकडे एक बारका रस्ता, दोन वाड्यांमधून नदीवरच्या फरशीवरून थेट मळ्याच्या मागच्या अंगाला निघणारा. फरशी म्हणजे नदीत पाण्यालगत टाकलेला बुटका पूल. फाट्याला आलो तेव्हा एक वाजून अठरा मिनिटं झाली होती. यंत्रातली बाई म्हणाली, टर्न लेफ्ट. धनराजनं गाडी हळू केली, काचेवर बोट ठेवून बघितलं.

"सरळ गेलं तर एक एक्केचाळीस. इकडून गेलं तर एक बत्तीस. नऊ मिनिटं वाचतात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नाना, हा रस्ता बरोबर आहे ना?"

विचारलं त्यानं. मला स्पष्ट विचारलं.

ती फरशी गेल्या पावसाळ्यात वाहून गेली होती. गोटीराम दर महिन्याला चहाला यायचा, त्यानं गणपतीच्या दिवसांत माझ्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं, नाना, आपल्या नामपूरच्या वाटेवर डावीकडच्या वाडीरस्त्याची फरशी गेली, तिकडची गाडी बंद केली. मला त्या क्षणी ते जसंच्या तसं आठवलं. विसरलो होतो असं मी स्वतःला सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण नाही. आठवलं होतं.

"मला काय विचारतोस," मी म्हणालो. "तुझ्या बाईला विचार."

माझा हिशेब असा की चार किलोमीटरवर नदी आहे. जाईल, फरशी नाही म्हणून बघेल, तोंड वेडंवाकडं होईल, परत फिरवेल. दहा-पंधरा मिनिटं जातील. अक्कानं दोन दिवस वाट बघितली, अजून पंधरा मिनिटं बघेल. पोराला एकदा कळू दे रस्ता कुणाला म्हणतात. एवढ्यासाठी.

धनराजनं डावीकडे वळवलं.

नदीवर पोचलो. फरशीची दोन टोकं तेवढी उरली होती, मधे वाळू आणि एका बाजूनं बोटभर पाणी. धनराज उतरला, डोक्याला हात लावून उभा राहिला. "नाना, फरशीच नाहीये."

"हो का?" मी म्हणालो. देवाशपथ, असं म्हणालो.

मग मी म्हणालो, फिरव मागं. पण त्यानं पात्रात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या बघितल्या. मागे जाऊन परत फाट्यावर, म्हणजे वीस मिनिटं, आणि आत्याला तेवढा वेळ नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. "ट्रॅक्टर जातात, आपणही जाऊ." वाळू भिजलेली होती. मला ती बघताक्षणी कळली. "धनराज, नको घालू, धरणार नाही," मी आता खरंच ओरडलो, गाडीचं दार धरून ओरडलो. पण देवळ्यात माझं ऐकून तो फसला होता, आता कशाला ऐकेल. त्यानं पहिला गिअर टाकला आणि गाडी खाली पात्रात घातली. पुढची दोन्ही चाकं मधोमध गेल्यावर रुतली. त्यानं रेस दिली, ती आणखी गेली. पाच मिनिटांत गाडी पोटावर बसली.

फोनला रेंज नव्हती. फरशी गेल्यापासून त्या रस्त्याला माणूस फिरकत नव्हता. मळा पलीकडे पाच किलोमीटर. मी उतरून चालायला लागलो. क्लचनं डावा गुडघा खाल्लाय माझा, वाळूत शंभर पावलं गेलो आणि बसलो. धनराजनं मला धरून परत गाडीत आणलं आणि तो मागच्या वाडीकडे पळत सुटला, ट्रॅक्टर आणायला. वाडीतले सगळे ट्रॅक्टर कांदा घेऊन नामपूरच्या मार्केटला गेलेले.

मी गाडीत एकटा. मांडीवर गडू. यंत्र चालूच होतं, बंद कसं करतात मला माहीत नव्हतं. बाण नदीच्या मधोमध उभा होता. बाई थोड्या थोड्या वेळानं सांगायची, सरळ जा. कोपऱ्यातली पोचायची वेळ मात्र एकेक मिनिटानं पुढे सरकत होती. एक पंचेचाळीस झाली. दोन झाले. दोन वीस. मी तिला सांगितलं, बाई, चुकलो. तुझ्यावर राग नव्हता माझा. ती म्हणाली, गो स्ट्रेट.

पावणेतीनच्या पुढं धनराज एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरवर बसवून घेऊन आला. साखळी लावून गाडी मागे ओढली. परत फाट्यावर येऊन डांबरी रस्त्यानं मळ्यावर पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. अंगणात माणसं बसलेली. दत्तू ओट्यावर, गुडघ्यात डोकं घातलेला. धनराजला तिथंच रडू फुटलं.

आत अक्काला उत्तरेकडे डोकं करून जमिनीवर ठेवलं होतं. इवलीशी झाली होती. मी शेजारी बसलो आणि गडूची लाख नखानं खरवडायला लागलो. मोहिनीनं माझा हात धरला. हीच ती मोहिनी, जिच्यापायी मी अकरा वर्षं या घराच्या उंबऱ्याला शिवलो नव्हतो. "आता नको, मामा," ती म्हणाली. "आता कोणाला पाजता."

मी विचारलं, केव्हा.

"अडीचला." मग तिनं सगळं सांगितलं. मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. साडेदहाला दत्तूनं सांगितलं की मामा निघाले, तशी अक्काला हुशारी आली. म्हणाली, भाऊची गाडी सुटली. मग पडल्या पडल्या एकेक गाव घ्यायला लागली. आता पिंपळगाव झालं असेल. आता वडाळीभोई. आता घाट चढला. देवळा. लोहोणेर. मोहिनीला मधेमधे किती वाजले विचारायची आणि पुढचं गाव घ्यायची. माझी वेळ तिला अजून पाठ होती. सटाणा आल्यावर म्हणाली, मला रस्त्याकडे तोंड करून निजवा. तांब्या घासून ठेवायला लावला. भाऊला तहान लागली असेल, आधी त्याला द्या, मग तो मला देईल.

पावणेदोनला रस्त्यावर एका गाडीचा आवाज आला. कुणाचा तरी टेम्पो होता. अक्कानं मान उचलली. आवाज जवळ आला आणि न थांबता नामपूरकडे निघून गेला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मोहिनी माझ्याकडे बघत नव्हती. "म्हन्या, भाऊ गया. आज बी थांबना नही."

त्यानंतर अक्का बोलली नाही. दत्तूनं चमच्यानं पाणी द्यायचा प्रयत्न केला, तर तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. तशीच गेली, कोरडी.

खांदा दिला, अग्नी झाला, दहाव्याला कावळा शिवेना. लोक म्हणाले, कशात तरी जीव अडकलाय, कुणीतरी काही कबूल करा. दत्तू म्हणाला, आई, मामा आला आहे. धनराज हात जोडून रडत म्हणाला, आत्या, माझी चूक झाली, मला माफ कर. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पिंडासमोर उभा राहिलो. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, आणि धनराज हाताच्या अंतरावर उभा होता. मी मनात म्हणालो. मोठ्यानं नाही. तासाभरानं दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी उरकला.

परत निघालो तेव्हा धनराजनं यंत्र काचेवरून काढून डिकीत टाकलेलं होतं. गाडी फाट्यापाशी आली, जिथं ती तांब्या घेऊन उभी राहायची. त्यानं आपणहून गाडी हळू केली. "नाना, थांबू का इथं?"

मी मान हलवली. उतरलो. गडू हातात होता, लाख अर्धी खरवडलेली. तिथं काही नाही. मैलाचा दगड आहे आणि उसाचं वाळलेलं पाचट. थोडा वेळ उभा राहिलो. रस्त्यानं माझ्या जुन्या टायमाची एसटी आली, ड्रायव्हर कुणीतरी नवा पोरगा, मी हात केला नाही आणि ती थांबली नाही. मी गाडीत येऊन बसलो.

"नाना," धनराज म्हणाला. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत मला. दुसरा बाप असता तर थोबाडीत मारली असती. नऊ मिनिटांसाठी मी आत्याला... मी तुम्हाला विचारलं होतं, पण तुम्हाला तरी काय माहीत की फरशी वाहून गेलीय."

त्याचे डोळे सुजलेले होते. दहा दिवसांत गालफाडं बसली होती. आता नाही बोललो तर हा हे ओझं जन्मभर वाहणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी तोंड उघडलं.

"चल," मी म्हणालो. "पुढं सरळ घे."

तेव्हापासून तो यंत्र लावत नाही. कुठंही जायचं असो, प्रत्येक फाट्याला गाडी हळू करतो आणि मला विचारतो, नाना, डावीकडे का उजवीकडे. आणि मी सांगतो.